बाळ फार शांत आहे हो तुमचं

"एवढ्याशा पोराला थायरॉइड? तो तर बायकांना होतो ना, वजन वाढण्याचा?"

हे गेल्या नऊ वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलंय की उत्तर आता तोंडपाठ झालंय, पण ते उत्तर दोन वाक्यांचं आहे आणि खरी गोष्ट काही दोन वाक्यांत बसत नाही, म्हणून आज सगळं एकदा लिहूनच काढते. ज्यांच्या घरात नुकतं बाळ आलंय किंवा येणार आहे त्यांनी तर प्लीज वाचा, लांबलं तरी वाचा.

माझा मुलगा झाला तेव्हा सगळं अगदी छान होतं. वजन चांगलं, लगेच रडला, हातापायाची बोटं मी स्वतः मोजली. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून जो बघायला येईल तो म्हणायला लागला, बाळ फार शांत आहे हो तुमचं, नशीब काढलंत! खरंच शांत होता. रात्री उठायचाच नाही. दुधासाठी मीच उठवायचे, तळपायाला टिचक्या मारायच्या, गालाला ओलं फडकं लावायचं, चार घोट घेतले की परत डोळे मिटले. मला तर वाटायचं आपल्याला किती सोपं बाळ मिळालंय. बहिणीचं बाळ रात्रभर रडायचं, ती फोनवर रडायची, आणि मी मनातल्या मनात सुखी.

कावीळ झाली होती ती पाच आठवडे गेलीच नाही, डोळ्यांत पिवळेपणा राहिला. सांगितलं, काही बाळांची जाते उशिरा. शी चार-चार दिवस व्हायची नाही, तेही होतं म्हणे काही बाळांचं. बेंबी फुगलेली असायची, जीभ जरा बाहेर यायची आणि ती आम्हाला गोड वाटायची, त्याचे फोटो आहेत अजून. हात लावला की अंग गार. रडणं घोगरं, एखाद्या मोठ्या माणसाचा घसा बसावा तसं. यातली प्रत्येक गोष्ट सुटी सुटी बघितली तर तिला काही ना काही उत्तर होतं आणि सगळ्या एकत्र कुणी मांडल्याच नाहीत, मी पण नाही मांडल्या.

साडेतीन महिन्यांचा होत आला तरी मान धरत नव्हता. उचलला की ओल्या टॉवेलसारखा हातावर पसरायचा. दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, मागची टाळू अजून उघडी आहे ते बघितलं, जीभ बघितली, रडण्याचा आवाज ऐकला आणि मला एकच प्रश्न विचारला, "जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन टेस्ट केली होती का?" मी म्हटलं, कसली टेस्ट?

केलीच नव्हती. जिथे तो जन्मला तिथे कुणी केली नाही आणि अशी टेस्ट असते हे आम्हाला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, टीएसएच १०० च्या वर. थायरॉइड कमी पडलं की रक्तातला हा आकडा वाढतो, मोठ्या माणसाचा साधारण ४-५ पर्यंत असतो, म्हणजे बघा. १०२ व्या दिवशी त्याला थायरॉइड हार्मोनची पहिली गोळी दिली. चमच्यात चुरून, आईच्या दुधाच्या चार थेंबांत कालवून.

आठवड्याभरात तो रडायला लागला. मोठ्यांदा, भूक लागली की घर डोक्यावर घेणारं रडणं. मी त्याच्या शेजारी बसून स्वतः रडत होते आणि तो रडतोय म्हणून मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

आता झालं काय होतं ते सांगते. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी थायरॉइड ग्रंथी असते हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पोटातल्या बाळाची ही ग्रंथी सुरुवातीला जिभेच्या मुळाशी तयार होते आणि मग खाली सरकत गळ्यात जागेवर येते. माझ्या मुलाची सरकलीच नाही, जिभेच्या मुळाशीच राहिली, छोटीशी, थोडंफार हार्मोन बनवणारी पण पुरेसं नाही. काही बाळांत ती बनतच नाही, काहींत जागेवर असते पण हार्मोन तयार करायच्या साखळीतली एखादी कडी तुटलेली असते. साधारण दोन ते चार हजार बाळांत एकाला हे जन्मतः असतं. दुर्मीळ वाटतं ऐकायला, पण जन्मतः असणाऱ्या आणि वेळेत औषध दिलं तर मतिमंदत्व टाळता येणाऱ्या आजारांत हा सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांपैकी एक आहे.

मी डॉक्टरांना पहिलं काय विचारलं असेल? "माझं काही चुकलं का?" प्रत्येक आई हेच विचारते म्हणे. नाही, चुकलं नव्हतं. उलट मला नंतर कळलं ते असं, की पोटात असताना आईच्या रक्तातलं थायरॉइड हार्मोन वारेतून बाळाला मिळत असतं. बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या आसपास कामाला लागते आणि नीट हात चालायला आणखी बरेच आठवडे जातात, तोपर्यंत बाळ पूर्णपणे आईवर असतं आणि त्यानंतरही आईचं थोडं थोडं येतच राहतं. म्हणून ही बाळं जन्मतात तेव्हा बहुतेक वेळा अगदी नॉर्मल दिसतात. नाळ कापली की तो पुरवठा बंद आणि तिथून घड्याळ सुरू.

घड्याळ हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. मोठ्या माणसात थायरॉइड कमी असलं की माणूस थकतो, वजन वाढतं, केस गळतात आणि गोळी सुरू केली की हळूहळू सगळं ठिकाणावर येतं. बाळाचं तसं नसतं. बाळाचा मेंदू अजून बांधला जात असतो आणि हे हार्मोन त्या बांधकामाला सांगत असतं की आता हे करा, आता ते करा. १९१२ साली गुडेरनॅच नावाच्या शास्त्रज्ञाने बेडकाच्या छोट्या पिल्लांना, ती शेपटीवाली असतात ना, त्यांना थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खायला घातले तर ती वेळेच्या खूप आधी बेडूक झाली, इवलेसे बेडूक. आणि उलट, ज्या पिल्लांत थायरॉइड नसते ती वाढत राहतात पण बेडूक होत नाहीत, शेपटीच घेऊन राहतात. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या बाळाची शेपूट गळत नाही एवढंच, पण 'आता पुढच्या पायरीवर चला' हे सांगणारं कुणीतरी लागतंच.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली. मला वाटायचं हार्मोन नाही म्हणजे काम थांबलेलं, मिळालं की पुढे सुरू. पण तसं नसतं. पेशींच्या केंद्रकात या हार्मोनचा निरोप घेणारे रिसेप्टर बसलेले असतात, ते काही जीन्स चालू-बंद करतात. हार्मोन आलं नाही तर ते रिकामे रिसेप्टर नुसते वाट बघत बसत नाहीत, ते त्या जीन्सवर ब्रेक दाबून धरतात. उंदरांत तर असं दिसलंय की ज्यांच्यात हे रिसेप्टरच नाहीत त्यांचा मेंदू, रिसेप्टर आहेत पण हार्मोन नाही अशा उंदरांपेक्षा कमी बिघडतो. म्हणजे नुसता उशीर होत नाही, त्या काळात कुणीतरी पाय रोवून अडवत असतं.

आता हालचालींकडे येते कारण आमच्या घरातला रोजचा प्रश्न तोच आहे. बुद्धीबद्दल सगळे बोलतात, हातापायांबद्दल फार कमी लोक बोलतात.

डोक्याच्या मागच्या बाजूला खाली लहान मेंदू असतो, पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात. तोल, अंदाज, ताल, कुठला स्नायू किती जोरात आणि नेमका कधी, हे सगळं तिथे जुळतं. गंमत म्हणजे हा भाग जन्मानंतरही खूप वाढतो. त्यात पर्किंजे नावाच्या मोठ्या पेशी असतात, एका पातळीत पसरलेल्या झाडासारख्या, इतक्या फांद्या की एकेका पेशीला लाखाच्या वर जोडण्या येऊन मिळतात. आणि बारीक बारीक दाणेदार पेशी असतात त्या तयार होतात बाहेरच्या थरात आणि मग आत सरकून, पर्किंजेच्या रांगेच्या पलीकडे जाऊन आपल्या जागी बसतात. उंदराच्या पिल्लांत हे सगळं जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होतं. त्या आठवड्यांत थायरॉइड हार्मोन नसेल तर दाणेदार पेशी बाहेरच रेंगाळतात आणि पर्किंजेची झाडं खुरटतात, फांद्या कमी, जोडण्या कमी. नंतर हार्मोन दिलं तर पेशी सरकतात हो कधीतरी, पण तोवर ज्यांच्याशी हात मिळवायचा होता त्यांची वेळ निघून गेलेली असते. अशा पिल्लांना मोठेपणी फिरत्या दांड्यावर चालायला ठेवलं तर ती बाकीच्यांच्या आधी खाली पडतात. रक्त तपासलं तर तोपर्यंत सगळं नॉर्मल असू शकतं.

हे शेवटचं वाक्य मी शाळेत कितीदा सांगितलंय! "पण रिपोर्ट तर नॉर्मल आहेत ना आता?" आहेत. आणि तरी तो पडतो.

मेंदूतल्या तारांवर मायलिनचं वेष्टण चढतं, ते चढवणाऱ्या पेशींनाही वेळेवर तयार व्हायला हेच हार्मोन लागतं, ते कमी पडलं की निरोप हळू जातात. कानाच्या आतल्या भागालाही लागतं, म्हणून या मुलांची ऐकण्याची तपासणी करून घ्यायची असते. आमची झाली, सुदैवाने ठीक होती.

हार्मोन रक्तात असणं आणि मेंदूत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एका फार दुर्मीळ आजारातून कळलं. १९४४ साली त्याचं वर्णन झालं, ऍलन-हर्न्डन-डडली सिंड्रोम, मुलग्यांत दिसतो, अंग आधी सैल आणि नंतर ताठर, मान धरत नाहीत, बोलता-चालता येत नाही. साठ वर्षं कारण कळलं नव्हतं. २००४ मध्ये सापडलं की हार्मोनला मेंदूच्या पेशींत नेणारं दार, एमसीटी ८ म्हणतात त्याला, तेच बिघडलेलं असतं. रक्तात टी३, म्हणजे हेच थायरॉइड हार्मोन, भरपूर, उलट जास्तच, आणि मेंदू उपाशी. त्या मुलांच्या आयांचं लिहिलेलं मी वाचते कधीकधी आणि मग आमची गोळी मला फार मोठी गोष्ट वाटते.

आणि जिथे आई आणि बाळ दोघांनाही हार्मोन कमी पडतं तिथे काय होतं, तर तेही जगाने बघितलंय. डोंगराळ भागात मातीत आयोडीन कमी, मग आईच्या थायरॉइडलाही कच्चा माल नाही. १९०८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरांनी गिलगिट आणि चित्रालच्या, म्हणजे आजच्या उत्तर पाकिस्तानातल्या, खोऱ्यांतल्या अशा लोकांबद्दल लिहिलं, काही बुटके, सुजलेले, मंद, पण काही वेगळेच, बहिरे-मुके, तिरळे, पाय ताठ करून चालणारे. हा दुसरा प्रकार म्हणजे पोटात असताना, अगदी सुरुवातीच्या महिन्यांत झालेलं नुकसान. १९६६ साली पापुआ न्यू गिनीत काही कुटुंबांना आयोडीनयुक्त तेलाचं इंजेक्शन दिलं आणि काहींना नाही दिलं. ज्या बायकांना गरोदर राहण्याच्या आधी ते मिळालं त्यांची मुलं या नुकसानातून वाचली. इंजेक्शन घेतलेल्यांत जी थोडी मुलं तरीही तशी जन्मली त्यातल्या बहुतेकांच्या आया इंजेक्शनच्या वेळी आधीच गरोदर होत्या. म्हणजे थोडक्यासाठी चुकलं. हे मी वाचते तेव्हा मला माझे १०२ दिवस आठवतात, आमचं त्यांच्याइतकं नव्हतं, माझं हार्मोन त्याला पोटात मिळत होतं, त्याच्या जिभेच्या मुळाशी राहिलेला तो तुकडा पण थोडं बनवत होता. पण ते दिवस आठवतात.

कमतरता कधी होती त्यावर काय बिघडेल हे बरंच ठरतं. गरोदरपणाच्या सुरुवातीला कमी पडलं तर नजर एका ठिकाणी ठरवणं आणि मोठ्या हालचाली, गरोदरपणाच्या शेवटी शेवटी कमी पडलं तर जागेचा अंदाज आणि बोटांची बारीक कामं, जन्मानंतर कमी पडलं तर भाषा आणि स्मरणशक्ती जास्त, असा साधारण नकाशा संशोधकांनी मांडलाय. अर्थात प्रत्येक मूल काही नकाशाप्रमाणे चालत नाही. आमच्याकडे बोलणं उशिरा आलं पण आलं ते धो धो आलं, पाठांतर तर माझ्यापेक्षा चांगलं. अडतं ते अंगात. बसला दहाव्या महिन्यात, चालला दीड वर्ष उलटून गेल्यावर, जिन्यावर कितीतरी वर्षं एकाच पायरीवर दोन्ही पाय टेकवून उतरायचा, सायकल आठव्या वर्षी.

चेंडू. मी चेंडूबद्दल सांगते कारण ते बघितल्याशिवाय कळत नाही. मी त्याच्याकडे अगदी हळू चेंडू टाकते, तो बघतो, त्याला माहितीये कुठे येणार, हात उघडतो, आणि हात मिटतात चेंडू छातीला लागून खाली पडल्यावर. प्रत्येक वेळी एवढंसंच उशिरा. तो घाबरत नाही, लक्ष पण असतं, फक्त हाताला निरोप जाईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. लोकांना दिसतो धांदरट मुलगा. शाळेच्या वहीत शेरा येतो, "लक्ष देत नाही, अक्षर सुधारावे". अहो तो किती लक्ष देतो ते मला विचारा, एक ओळ लिहिताना जीभ दातांत धरतो, मान ताठ होते, कपाळावर घाम येतो.

खेळून खेळून फरक पडतो, हे नक्की. आम्ही थेरपिस्टकडे जातो, एका पायावर उभं राहणं, चिकणमातीच्या गोळ्या, मणी ओवणं, भिंतीवर चेंडू मारून झेलणं, आधी मोठा चेंडू मग लहान. मेंदू दुसऱ्या वाटा शोधतो, वेळ लावून शोधतो. पूर्ण बरोबरीला येईल का असं मी विचारणं सोडलंय.

गोळीबद्दल थोडं, कारण नवीन आईबाबा घाबरलेले असतात. बाळाचा डोस दर किलोला १० ते १५ मायक्रोग्रॅम असतो, मोठ्या माणसाचा दर किलोला दीडच्या आसपास, म्हणजे बाळाला किलोमागे कितीतरी जास्त लागतं आणि ते ऐकून घरातली माणसं दचकतात. दचकू नका, डॉक्टर मोजून देतात, आणि कमीजास्त डोस स्वतःच्या मनाने तर अजिबात करू नका कारण जास्त झालं तरी वाईटच. गोळी चुरून थोड्याशा पाण्यात नाहीतर दुधात चमच्याने द्यायची, पूर्ण बाटलीत मिसळायची नाही, कारण बाळाने बाटली अर्धी सोडली तर किती पोटात गेलं कळत नाही. लोहाचं, कॅल्शियमचं औषध आणि सोयाबीनचं काही असेल तर त्यात आणि गोळीत काही तासांचं अंतर. रक्ताच्या तपासण्या सुरुवातीला फार लवकर लवकर असतात, कंटाळा येतो, कंटाळायचं नाही. काही मुलांची ग्रंथी जागेवर असते आणि कमतरता तात्पुरती असते, त्यांची गोळी तीन वर्षांनंतर डॉक्टर थांबवून बघतात. पहिली तीन वर्षं मात्र सहसा कुणी थांबवायचं धाडस करत नाही, त्यावरून समजा काय ते.

मुलगी झाली तेव्हा मी लेबर रूममध्येच टेस्टचं विचारत होते. नर्स म्हणाल्या, अहो दोन दिवस थांबा, जन्मल्यावर लगेच टीएसएच सगळ्याच बाळांचा वर उसळतो, तो खाली बसू द्या. तिसऱ्या दिवशी तिच्या टाचेला बारीक टोचलं, जाड कागदावर छापलेले गोल होते, एकेका गोलावर रक्ताचा एकेक थेंब, मागपर्यंत झिरपलाय ना ते कागद उलटून बघितलं आणि वाळायला ठेवला. एवढंच. कॅनडात क्विबेकमध्ये जाँ द्युसो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे असं वाळलेल्या थेंबातून शोधून काढायची पद्धत बसवली, आणि मी तो कागद बघत होते, माझ्या मुलाच्या वेळी एवढाच एक कागद हवा होता. मुलीचा रिपोर्ट नॉर्मल आला.

मुलाच्या थायरॉइडच्या तपासणीला जातो तेव्हा एक मुलगी भेटते, माझ्या मुलाच्याच वयाची, तोच आजार, गोळी मिळाली नवव्या दिवशी. ती वेटिंग रूमच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये दोरीच्या उड्या मारत असते, दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग उलट्या. तिच्या आईला मी कधी सांगितलं नाही की मी किती वेळ बघत बसते.

तुमच्या बाळाची टेस्ट झाली का ते फाइल उघडून बघा. झाली असेल तर रिपोर्ट मागून घ्या, "काही असतं तर कळवलं असतं" यावर राहू नका. आणि फोन आला की परत या, पुन्हा रक्त द्यायचंय, तर त्याच दिवशी जा, सुट्टी संपल्यावर नाही. बाळ छान दिसतंय, झोपतंय, रडत नाही, यावर तर अजिबात जाऊ नका.

आमच्याकडे आता गजर पावणेसहाला होतो. गोळी तो स्वतःच डबीतून काढून घेतो, ती उपाशीपोटी घ्यायची म्हणून पुढचा अर्धा तास काही खायचं नसतं. त्या अर्ध्या तासात तो शाळेचा शर्ट घालतो. खालून सुरुवात करतो कारण खालची बटणं दिसतात, गळ्याजवळचं दिसत नाही, ते हाताने चाचपून लावायला लागतं आणि त्यालाच सगळा वेळ जातो. मी समोर बसलेली असते, हात मांडीवर. गेल्या मंगळवारी नाश्त्याच्या आधी झालं होतं.